थॉर्प ॲबट्सचे हवाई तळ-संग्रहालय: विमान नसलेल्या ठिकाणी दिवस घालवावा का?

माळरान यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. कामानिमित्त मी सध्या केंब्रिजमध्ये राहतो आणि येत्या उन्हाळ्यात आईवडील काही आठवड्यांसाठी माझ्याकडे येणार आहेत. वडील भारतीय वायुदलात इंजिन फिटर होते. नोकरीचा मोठा काळ त्यांनी आग्र्याच्या तळावर पॅकेट या मालवाहू विमानांच्या देखभालीत काढला. त्यामुळे त्यांना डक्सफर्डचे मोठे विमान-संग्रहालय दाखवायचे, हे आधीच ठरले आहे.

परंतु एका सहकाऱ्याने नॉरफोक परगण्यातील थॉर्प ॲबट्स येथील लहानसे संग्रहालयही आवर्जून पाहावे, असे सुचवले. दुसऱ्या महायुद्धात तेथे अमेरिकेच्या आठव्या वायुसेनेचा १००वा बॉम्बफेकी गट होता आणि २०२४ साली आलेल्या एका दूरचित्रवाणी मालिकेमुळे त्याचे नाव बऱ्याच जणांना माहीत झाले आहे. मी चौकशी केली, तेव्हा असे दिसले की तेथे संपूर्ण विमान एकही नाही. एक जुना नियंत्रण मनोरा, काही पत्र्याच्या अर्धगोल बराकी, खोल्यांमधून मांडलेले गणवेश, पत्रे, छायाचित्रे आणि सभोवती शेते, एवढेच आहे.

माझ्या शंका पुढीलप्रमाणे आहेत. डक्सफर्ड पाहिलेल्या माणसाला हे ठिकाण फिके वाटेल काय? ज्यांनी आयुष्यभर विमान उडवले नाही, पण उडण्यायोग्य ठेवले, अशा माणसाला तेथे स्वतःच्या कामाशी जुळणारे काही सापडेल काय? गट, स्क्वॉड्रन आणि मोहिमांच्या क्रमांकांत गुरफटून जाऊ नये म्हणून जाण्यापूर्वी नेमके काय वाचावे? आणि शेवटी, आईला विमानांचे काडीचेही आकर्षण नाही व तिचे गुडघे दुखतात. तिच्यासाठी तेथे काय आहे? ज्यांनी अशी ठिकाणे पाहिली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुने_नकाशे यांचे उत्तर

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर आधी देतो. डक्सफर्ड आणि थॉर्प ॲबट्स यांची तुलना करू नये, कारण दोन्ही ठिकाणी पाहण्याची वस्तूच वेगळी आहे. डक्सफर्डला आपण विमाने पाहतो, आणि ती जगभरातून तेथे आणलेली आहेत. थॉर्प ॲबट्सला आपण तळ पाहतो, आणि तो जेथे होता तेथेच आहे. काचेच्या कपाटातील वस्तू पाहून अर्ध्या तासात बाहेर पडणाऱ्याची तेथे निराशा होते, यात शंका नाही. मनोऱ्याच्या गच्चीवर उभे राहून समोरचे शेत वाचता आले, तर मात्र अर्धा दिवस अपुरा पडतो.

ते शेत वाचायचे कसे, हे थोडे विस्ताराने सांगतो. युद्धकाळात ब्रिटनमध्ये जे बॉम्बफेकी तळ बांधले गेले, त्यांतील बहुतेकांचा आराखडा ठरावीक होता. एकमेकींना छेदणाऱ्या तीन काँक्रीटच्या धावपट्ट्या. त्यांपैकी मुख्य साधारण २,००० यार्ड, म्हणजे सुमारे १,८३० मीटर लांबीची, आणि उरलेल्या दोन साधारण १,४०० यार्डांच्या. तीन दिशा अशासाठी की वारा कोठूनही आला तरी जड विमानाला त्याच्या विरुद्ध दिशेने उड्डाण करता यावे. या तिन्हींची टोके जोडणारा एक वळसा घालणारा रस्ता, आणि त्या रस्त्याला फुटलेल्या छोट्या फांद्यांच्या टोकाशी प्रत्येक विमानाची उभे राहण्याची स्वतंत्र जागा. विमाने एकत्र उभी केली तर शत्रूच्या एकाच हल्ल्यात सारी नष्ट होतील, म्हणून ती अशी दूर दूर पांगवलेली असत. झोपण्याच्या बराकीही त्याच कारणाने तळापासून अंतरावर, झाडीत आणि शेतांच्या कडेला विखुरलेल्या असत आणि जवान सायकलींवरून ये-जा करीत.

युद्ध संपल्यावर ही जमीन पुन्हा शेतीकडे गेली. पूर्व इंग्लंडमधील अनेक तळांच्या धावपट्ट्यांचे काँक्रीट फोडून नव्या रस्त्यांच्या भरावासाठी नेण्यात आले. तरीही वळशाचा रस्ता बऱ्याच ठिकाणी अरुंद रूपात शेतकऱ्यांच्या उपयोगासाठी शिल्लक राहिला. म्हणून माझा आग्रह असा की निघण्यापूर्वी तळाचे युद्धकाळातील हवाई छायाचित्र आणि आजचा उपग्रह-नकाशा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पुस्तकांतील क्रमांकांपेक्षा ही तयारी कितीतरी उपयोगी पडते.

आता आपल्या वडिलांविषयी, कारण आपल्या प्रश्नातील खरा गाभा मला तोच वाटतो. अशा तळावर सुमारे तीन हजार माणसे असत. एका मोहिमेवर समजा पंचवीस विमाने गेली, तर प्रत्येकी दहा जणांच्या हिशेबाने अडीचशे माणसे हवेत असत. उरलेली सारी जमिनीवर. वैमानिकांचे दल ठरावीक मोहिमा पूर्ण झाल्या की घरी परत जाई. ही संख्या आधी २५ होती, १९४४ मध्ये ती ३० आणि नंतर ३५ करण्यात आली. अर्थात, तेथवर पोहोचलेल्यांपुरतेच हे लागू होते. जमिनीवरच्या माणसाला अशी कोणतीही मोजदाद नव्हती. तो पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत त्याच जागी राहिला, आणि त्याने एकामागून एक विमाने गमावली.

हा गट उडवीत असलेल्या बी-१७ या बॉम्बफेकी विमानाला राइट कंपनीची नऊ सिलिंडरांची चार सायक्लोन इंजिने असत, प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची, आणि उंचीवर हवा विरळ झाल्यावरही शक्ती टिकावी म्हणून प्रत्येक इंजिनाला धुरावर फिरणारा टर्बोचार्जर असे. एका तळावर सर्वसाधारणपणे दोनच मोठे हँगर असत आणि तेथे फक्त मोठी दुरुस्ती होई. बाकी सर्व काम, इंजिन बदलण्यासकट, उघड्यावर, वाऱ्यापावसात आणि हिवाळ्याच्या रात्री होई. या लोकांनी आपल्या विमानाच्या उभे राहण्याच्या जागेशेजारी तंबू किंवा खोक्यांच्या फळ्यांच्या खोपी उभारल्या होत्या आणि अनेक जण बराकीत न जाता तेथेच झोपत. विमान परतण्याची वेळ झाली की ही मंडळी आकाशाकडे पाहत विमाने मोजत, हे आपण ऐकलेच असेल.

आपले वडील ज्या पॅकेट विमानांवर काम करीत, त्यांची इंजिनेही राइट कंपनीच्या त्याच सायक्लोन कुळातील, पण अठरा सिलिंडरांची होती. हिमालयाच्या उंचीवर ती कमी पडत म्हणून भारतात त्या विमानांच्या पाठीवर वेगळे जेट इंजिन बसवले गेले, हे तर त्यांनी स्वतः हाताळले असेल. तेव्हा बी-१७ च्या इंजिनाचा एखादा गंजका सिलिंडर पाहून त्यांना जे कळेल, ते माहितीफलक वाचून आपल्याला किंवा मला कळणार नाही. तेथील स्वयंसेवकांशी त्यांचे बोलणे होईल अशी व्यवस्था मात्र करा. अशा ठिकाणी सर्वांत मौल्यवान गोष्ट कपाटात नसते, ती चहाच्या टेबलाशी बसलेली असते.

सायकलस्वार यांचे उत्तर

प्रवासाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. केंब्रिजहून मोटारीने ए-१४ ने बरी सेंट एडमंड्सपर्यंत आणि तेथून ए-१४३ ने डिस गावाच्या पुढे जावे. सव्वा ते दीड तास पुरतो. मोटार नसेल तर केंब्रिजहून इप्सविचकडे जाणाऱ्या आगगाडीने स्टोमार्केटला उतरून नॉरिचकडे जाणारी गाडी पकडावी आणि डिसला उतरावे. डिसपासून संग्रहालय काही मैल पूर्वेला आहे. तेवढ्या अंतरासाठी टॅक्सी आणि परतीची टॅक्सीही आधीच सांगून ठेवावी. खेड्यांतील बसवर भरवसा ठेवून वयस्कर माणसांना नेऊ नये. संग्रहालय आठवड्यातील मोजकेच दिवस उघडे असते आणि हिवाळ्यात बंद असते, तेव्हा दिवस व वेळ त्यांच्या संकेतस्थळावर पाहूनच निघावे. प्रवेशशुल्क नाही. देणगीपेटी आहे आणि तिच्यात काही टाकावे, असे मी म्हणेन, कारण सारा कारभार स्वयंसेवकांचा आहे.

आईंच्या गुडघ्यांविषयी: मनोरा म्हणजे दुमजली इमारत, वर गच्ची आणि गच्चीवर काचेची खोली. वर जाण्यास जिनाच आहे. त्यांनी खालचे दालन आणि आवारातील बराकी पाहाव्यात. तेवढ्यानेही वेळ चांगला जातो.

एक सावधगिरीची गोष्ट. आजूबाजूची जमीन खासगी शेती आहे, म्हणून सार्वजनिक पायवाटा सोडून आत जाऊ नये. नांगरलेल्या शेतात धातूचा तुकडा दिसला तर तो उचलू नये. १९८६ च्या एका कायद्यानुसार ब्रिटनमध्ये कोसळलेल्या लष्करी विमानांच्या अवशेषांना संरक्षण आहे, ते परवान्याशिवाय हलवणे गुन्हा ठरते. शिवाय तो तुकडा काय आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

पानगळ यांचे उत्तर

मी या चर्चेत थोडा विरोधी सूर लावणार आहे. जाऊ नका, असे मी म्हणत नाही. काय पाहायला मिळणार नाही, हे ठाऊक असून जावे, एवढेच म्हणणे आहे.

१००व्या गटाला ‘रक्तबंबाळ शंभरावा’ अशा अर्थाचे टोपणनाव मिळाले. एकूण हानीच्या हिशेबात आठव्या वायुसेनेतील काही गटांची स्थिती याहून वाईट होती. परंतु या गटाची हानी काही मोजक्या दिवसांत एकदम झाली, आणि त्यामुळे तो कुप्रसिद्ध झाला. १७ ऑगस्ट १९४३ रोजी रेगेन्सबर्गवरील मोहिमेत त्याने नऊ विमाने गमावली. १० ऑक्टोबर १९४३ रोजी म्यून्स्टरवर गटाची तेरा विमाने लढाईत उतरली आणि एकच परतले. ६ मार्च १९४४ रोजी बर्लिनवर पंधरा गमावली. प्रत्येक विमानात दहा माणसे होती. हे आकडे संग्रहालयात भेटतात, आणि भेटलेच पाहिजेत.

पण म्यून्स्टरचा तो दिवस रविवार होता, आणि त्या दिवशीचे लक्ष्य कारखाना नव्हते. शहराचा मध्यभाग होता, म्हणजे जुन्या कॅथेड्रलच्या परिसरातील वस्ती. तेथील रेल्वे कामगारांची घरे उद्ध्वस्त झाली की दळणवळण कोलमडेल, असा त्यामागचा विचार होता. मोहिमेपूर्वीच्या बैठकीत हे ऐकून काही वैमानिक अस्वस्थ झाले आणि काहींना त्यात गैर वाटले नाही. दोन्ही प्रकारच्या आठवणी पुढे नोंदवल्या गेल्या आहेत. मनोऱ्याच्या गच्चीवर उभे राहून न परतलेली बारा विमाने मोजताना परतलेल्या एका विमानाने खाली काय टाकले, याचाही विचार मनात यावा, असे मला वाटते. तळावरचे संग्रहालय स्वभावतःच तळाकडून पाहते. त्याला दोष देण्याचे कारण नाही, पण पाहणाऱ्याने दुसरी बाजू आपल्याबरोबर घेऊन जावी लागते.

तशीच दुसरी एक बाजू, जी अलीकडे थोडीफार दिसू लागली आहे. अमेरिकेचे सैन्य त्या काळी वर्णानुसार विभागलेले होते. पूर्व इंग्लंडमधील तळांना बॉम्ब आणि इतर सामान पुरवणाऱ्या ट्रक-तुकड्यांत आणि तळ बांधणाऱ्या अभियंता पलटणींत कृष्णवर्णीय सैनिक मोठ्या संख्येने होते. त्यांच्या राहण्याच्या, एवढेच नव्हे तर जवळच्या गावात सुट्टीवर जाण्याच्या व्यवस्थाही वेगळ्या ठेवल्या जात. जमिनीवरच्या माणसांविषयी बोलायचे, तर त्यांच्याविषयीही बोलले पाहिजे. आपल्या वडिलांबरोबर तेथे गेलात, तर बॉम्ब तळापर्यंत कोण आणत होते, असा प्रश्न स्वयंसेवकांना अवश्य विचारा. चांगला स्वयंसेवक या प्रश्नाने खूश होतो.

जुने_नकाशे यांचे पुन्हा उत्तर

‘पानगळ’ यांचे म्हणणे मला मान्य आहे आणि त्याला एक पुरवणी जोडतो. याच गटाने मे १९४५ च्या आरंभी नेदरलँड्समधील उपासमारीने ग्रासलेल्या भागावर अन्नाची पाकिटे टाकली. त्या आधीच्या हिवाळ्यात तेथील हजारो लोक भुकेने मेले होते. जर्मन सैन्याशी झालेल्या समझोत्यानुसार ठरलेल्या मार्गांनी, अगदी कमी उंचीवरून विमाने गेली आणि बॉम्बच्या कप्प्यांतून धान्य व डबे खाली सोडले गेले. अनेक विमानांतून त्या दिवशी जमिनीवरची मंडळीही बरोबर गेली. एरवी ज्यांनी विमानाला फक्त निरोप दिला, त्यांना ते प्रथमच कामावर असलेले दिसले. ही हकिकत म्यून्स्टरचे उत्तर होत नाही, आणि तशी ती वापरूही नये. पण २५ जून १९४३ ची ब्रेमेनवरील पहिली मोहीम ते २० एप्रिल १९४५ ची शेवटची बॉम्बफेक, अशा चौकटीत या तळाचा इतिहास संपत नाही, हे तीवरून कळते.

वाचनाविषयी आपण विचारले होते. मोहिमांची यादी पाठ करू नका. त्याऐवजी एकच विमान किंवा एकच माणूस निवडा. बेपत्ता झालेल्या प्रत्येक विमानाविषयी अमेरिकी सैन्याने एक अहवाल तयार केला होता. त्यात विमानातील सर्वांची नावे, शेवटचे कोठे दिसले, सोबतच्या विमानांतील लोकांनी काय पाहिले, एवढेच काय, इंजिनांचे आणि मशीनगनांचे क्रमांकही नोंदवलेले असतात. हे अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. डक्सफर्डच्या अमेरिकी विभागाने लोकांची, विमानांची व तळांची मोठी माहितीसूची ऑनलाइन ठेवली आहे, तिच्यापासून सुरुवात करावी. आपल्या वडिलांसाठी माझी सूचना अशी की त्यांनी एखाद्या वैमानिकाऐवजी एखाद्या विमानाच्या मुख्य मेकॅनिकचा माग काढावा. त्याच्या हाताखालून किती विमाने गेली, ती कोठे संपली आणि त्याला नवे विमान कधी मिळाले, हे पाहता पाहता साऱ्या युद्धाचा कालक्रम आपोआप लक्षात येतो.

माळरान यांचा पुढील प्रश्न

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. वडिलांना ही उत्तरे वाचून दाखवली. त्यांनी पहिला प्रश्न असा विचारला की उघड्यावर, हिवाळ्यात, हातमोजे घालून इतक्या लहान नळ्यांची जोडणी ते लोक कशी करीत असतील. आणि दुसरा, की तेथे खरे इंजिन पाहायला मिळेल का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणी देऊ शकेल काय? तसेच परिसरात अशीच आणखी ठिकाणे असतील, तर एका दिवसात दोन पाहणे शक्य आहे का, हेही सांगावे. आईने सांगितले आहे की माणसांच्या गोष्टी असतील तर ती येईल, यंत्रांच्या असतील तर घरी बसेल.

ओढ्याकाठी यांचे उत्तर

या भागात अनेक वर्षे राहिल्यामुळे यावर मी लिहू शकते. इंजिनांसाठी सफोकमधील पारम येथे जावे. ३९०वा बॉम्बफेकी गट तेथे होता. तोही बी-१७ उडवीत असे. तेथील संग्रहालयही जुन्या नियंत्रण मनोऱ्यातच आहे आणि ते प्रामुख्याने रविवारी उघडते. या भागात कोसळलेल्या विमानांची, जमिनीत खोल रुतलेली इंजिने पुढे खणून काढण्यात आली आणि त्यांतील काही तेथे मांडलेली आहेत. वाकलेली पंख्याची पाती, फुटलेले सिलिंडर, मातीने भरलेले दातेरी चक्र, असे सारे उघडे पाहता येते. चकचकीत जुळवलेल्या इंजिनापेक्षा आपल्या वडिलांना हे अधिक बोलके वाटेल, असा माझा अंदाज आहे. नळ्यांच्या जोडणीविषयी त्यांनी विचारलेला प्रश्न तेथेच विचारावा, कारण हे अवशेष ज्यांनी हाताने साफ केले, त्यांच्यापैकी कोणी भेटण्याची शक्यता असते.

पारमलाच शेजारी दुसरे एक अतिशय वेगळे छोटे संग्रहालय आहे, आणि ते आपल्या आईंसाठी आहे, असे मी म्हणेन. १९४० मध्ये जर्मन सैन्य इंग्लंडमध्ये उतरणार, अशी भीती असताना ब्रिटिश सरकारने गावोगावच्या निवडक माणसांची गुप्त पथके तयार केली होती. त्यांत शेतकरी, शिकारीच्या रानांचे राखणदार अशा परिसर ठाऊक असलेल्या लोकांचा भरणा होता. शत्रू पुढे सरकला की यांनी जमिनीखालच्या लपण्याच्या जागांत उतरायचे आणि मागून पूल, इंधनसाठे व वाहने उडवायची, अशी योजना होती. गुप्ततेची शपथ घेतलेली असल्यामुळे अनेकांनी पुढे आयुष्यभर घरच्यांनाही काही सांगितले नाही. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांतील माणसे याच कामात असत आणि गावाला त्याचा पत्ता नसे. यंत्राचा संबंध येथे नावापुरताच.

थॉर्प ॲबट्सलाही माणसांच्या गोष्टी कमी नाहीत. काही शे वस्तीच्या खेड्याशेजारी अचानक तीन हजार परदेशी तरुण येऊन राहिले, आणि ब्रिटनमध्ये तेव्हा साखर, लोणी, मांस, कपडे, साबण हे सारे रेशनवर होते, हे लक्षात ठेवून तेथील छायाचित्रे पाहावीत. मुले तळाच्या कुंपणाशी घुटमळत, गोळ्या आणि च्युइंगगम मागत, आणि जवान त्यांच्यासाठी नाताळची मेजवानी ठेवत. गावातील बायका त्यांचे कपडे धुऊन देत. याच मुलांतील काही जण मोठेपणी अशा मनोऱ्यांच्या जीर्णोद्धारात पुढे आले. थॉर्प ॲबट्सचा मनोरा १९७७ पर्यंत मोडकळीस आला होता. स्थानिकांनी स्वतः राबून तो उभा केला आणि १९८१ मध्ये संग्रहालय म्हणून उघडला. माझ्या दृष्टीने आवारातील सर्वांत मोठी प्रदर्शित वस्तू ही इमारतच आहे. युद्धानंतर पुष्कळ तळांवर असे मनोरे पाडले गेले. येथे तो राहिला, तो सरकारी आदेशामुळे नव्हे.

एका दिवसात दोन संग्रहालये मात्र करू नका. नकाशावर ती जवळ दिसतात, पण रस्ते लहान आहेत, दोन्ही अर्धा दिवस मागतात आणि आपल्या आईंना बसून चहा पिण्याइतकी उसंत हवी. थॉर्प ॲबट्सच्या दिवशी वाटेत काही जोडायचेच असेल, तर जवळच्या होरॅम गावात ९५व्या गटाच्या जवानांचा जुना क्लब जपलेला आहे आणि त्याच्या भिंतींवर एका सैनिकाने रंगवलेली मध्ययुगीन सरदारांची चित्रे अजून आहेत. तो उघडण्याचे दिवस फारच थोडे असतात, म्हणून आधी विचारून घ्यावे.

आणि आपण केंब्रिजमध्येच राहता, तेव्हा मॅडिंगलीच्या अमेरिकी युद्धस्मशानाला या सर्वांच्या आधी जाऊन यावे, असे मला वाटते. तेथे सुमारे ३,८०० थडगी आहेत आणि लांब भिंतीवर बेपत्ता झालेल्या पाच हजारांहून अधिक जणांची नावे कोरलेली आहेत. आठव्या वायुसेनेचे २६,००० हून अधिक लोक युद्धात मरण पावले, हा आकडा कागदावर वाचून कळत नाही. तेथील नावांत आपण निवडलेल्या विमानातील एखादे नाव सापडले, की मग थॉर्प ॲबट्सच्या खोल्यांतील नामावल्या परक्या राहत नाहीत. भिंतीलगतची वाट सपाट, फरसबंदीची आहे, त्यामुळे आईंनाही त्रास होणार नाही.

सायकलस्वार यांची पुरवणी

‘ओढ्याकाठी’ यांच्या सल्ल्यात एवढीच भर घालतो. जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधी संग्रहालयाला पत्र लिहून कळवा की भारतीय वायुदलातील एक निवृत्त इंजिन फिटर येणार आहेत आणि त्यांना जमिनीवरच्या कामाविषयी बोलायचे आहे. यंत्रांकडे पाहणारे स्वयंसेवक ठरावीक दिवशीच येतात. आधी कळवले तर त्यांच्यापैकी कोण कधी असेल, हे सांगता येते आणि एरवी बंद असलेले एखादे कपाटही उघडले जाते. वडिलांकडे पॅकेटच्या काळातील छायाचित्रे असतील, तर त्यांच्या प्रती बरोबर न्या. युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली अमेरिकी बनावटीची लिबरेटर ही बॉम्बफेकी विमाने भारतीय वायुदलाने दुरुस्त करून १९६८ पर्यंत वापरली आणि त्यांतील एक पुढे ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला भेट दिले. लिबरेटर हे नाव नॉरफोकमधील या मंडळींच्या चांगले परिचयाचे आहे, कारण त्या परगण्यातील बहुतेक अमेरिकी तळ त्याच विमानांचे होते. बोलण्याची सुरुवात तेथून केली, तर पुढचे तासभर आपल्याला दुभाष्याखेरीज दुसरे काम उरणार नाही.